मथुराबाईचं मानपत्र

मथुराबाईच्या घरात सत्काराच्या सात शाली आहेत आणि त्यातल्या एकीनंही आजवर कुणाची थंडी अडवलेली नाही. सत्कारासाठी म्हणून वेगळ्याच शाली निघतात. खांद्यावर पडेपर्यंत भरजरी दिसतात, घरी आणून झटकल्या की पलीकडची भिंत दिसते. एक शिलाई मशीनवर घातली, दोन पिठाच्या डब्यांवर, बाकीच्या पेटीत पडल्या आहेत. बावीस वर्षं पक्षासाठी घसा कोरडा केला, त्याची ही कमाई.

गाव माकणीच्या धरणाच्या अलीकडं. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण दुसरीकडं लोक बोलतात, इथले लोक ती जगतात. मथुराबाईचं शेत कालव्याच्या अगदी शेपटाला. वरची गावं उसाला पाणी पाजून ढेकर देत, तेव्हा हिच्या वाट्याला ओला चिखलसुद्धा येत नसे. म्हणून ती पक्षात गेली. पाणी मिळवून देतो असं पक्षाचे नेते शरणबसप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांनी भर सभेत सांगितलं होतं आणि त्या वेळी ती भाबडी होती. मग पाणी राहिलं बाजूला. सभा आली की चाळीस बाया जीपमध्ये कोंबून न्यायच्या, घोषणा द्यायच्या, मतदानादिवशी म्हाताऱ्यांना धरून आणायचं. अप्पा माइकवर तिला ‘आमची रणरागिणी’ म्हणत. आधी आधी बाईच्या अंगावर त्या शब्दानं मूठभर मांस चढायचं.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात पाण्यासाठी फाट्यावर रास्ता रोको झाला. अप्पांचा स्वतःचा लाल ट्रॅक्टर अप्पांनीच सांगून रस्त्यात आडवा लावला. त्यावर उभं राहून अप्पांनी भाषण ठोकलं, फोटो काढून घेतले आणि पोलिसांची गाडी दिसायच्या आत त्यांची पांढरी गाडी धुरळा उडवत गेली. मथुराबाई मात्र तापलेल्या डांबरावर सहा तास बसून राहिली. दुपारी तिचा योगीराज चुलत्याची मोटरसायकल मागून पाण्याचा कॅन घेऊन आला. एकोणीस वर्षांचं पोर, आईला पाणी पाजायला आलं आणि गुन्ह्यात अडकलं. कागदावर काय चढलं? ट्रॅक्टर आडवा लावून रस्ता अडवणारा, योगीराज लिंबाजी. ज्या लिंबाजीच्या दावणीला एक म्हैस सोडून काही नव्हतं, त्याच्या पोरानं म्हणे ट्रॅक्टर लावला!

गुन्ह्यात चौदा नावं होती, पहिलं अप्पांचं. वर्षभरात पिकलेली पानं गळावी तशी मोठी नावं गळत गेली. अप्पा त्या दिवशी पुण्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी होते, असा दाखला निघाला. उरली पाच माणसं: मथुराबाई, योगीराज आणि आणखी तिघं. ती सहा वर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखेला जातात, व्हरांड्यातल्या बाकावर बसतात आणि पुढची तारीख घेऊन परत येतात. त्यांच्या सिद्धलिंग वकिलांनी पाचहीजणांना एकच वाक्य पाठ करून दिलं होतं: आम्ही तिथं नव्हतो.

यंदा योगीराज एसटीत चालक म्हणून निवडला गेला. हाताला चांगलं वळण असलेलं पोर, चाचणीत पहिल्यांदाच पास झालं. पण चारित्र्य पडताळणीला कागद गेले आणि तिथं गुन्हा निघाला. दोन महिन्यांत निकाल लावून आणा, नाहीतर यादीतला पुढचा माणूस बोलावू, असं उत्तर आलं. मथुराबाई तीनदा अप्पांच्या बंगल्यावर गेली. तिसऱ्यांदा अप्पा तिला समजावत म्हणाले की आंदोलनाचा गुन्हा हा तर कार्यकर्त्याचा दागिना असतो. स्वतःच्या अंगावरचा तो दागिना त्यांनी वर्षाच्या आत का उतरवला, हे विचारायचं बाईच्या ओठावर आलं होतं. तिनं गिळलं. पोराचं काम होतं ना.

तेवढ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं सुटलं आणि पक्षाला एकदम निष्ठावंतांची आठवण झाली. तालुकाध्यक्ष गौरीशंकर दारात आला. ज्यांनी अंगावर गुन्हे घेतले त्यांचा लोहाऱ्याला कृतज्ञता सोहळा आहे, म्हणाला. पुराव्यासाठी गुन्ह्याची झेरॉक्स पाहिजे होती. म्हणजे निष्ठेलासुद्धा कागद लागतो! बाईनं दिली. सत्काराचा तिला सोस उरला नव्हता, पण मांडवात अप्पा चार हातांवर सापडतील, लोकांदेखत नाही म्हणणार नाहीत, एवढाच तिचा हिशेब.

मंगल कार्यालय भरलं होतं. पहिला सत्कार कुणाचा, तर आठवड्यापूर्वी दुसऱ्या पक्षातून उडी मारून आलेल्या एका ठेकेदाराचा. त्याला फेटा, तलवार आणि क्रेननं उचललेला हार. मग त्याच्या भावाचा. मग मेहुण्याचा. लोक जेवणाच्या पंक्तीकडं पांगायला लागले तेव्हा या पाचांतल्या चौघांना वर बोलावलं, योगीराज आलाच नव्हता. प्रत्येकाला शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. मजकूर एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेला, चौघांनाही तोच, नाव आणि विशेषणं तेवढी वेगळी. अप्पांनी कॅमेऱ्यासमोर काचेवर जाड पेनानं सही ठोकायला सुरुवात केली. त्यांच्या मागं कुणीतरी कुजबुजलं की काचेवरची पुसेल, मग चौकट उघडून खालच्या कागदावर सही घेतली. वाचायचा प्रश्नच नव्हता. अप्पांनी आयुष्यात सही करण्याआधी काही वाचलेलं नाही.

मथुराबाई त्यांच्या कानाशी वाकली.

“अप्पा, पोराचं नाव तेवढं गुन्ह्यातनं काढा. धा दिवस राहिल्यात.”

अप्पांचं हसू ढळलं नाही. ओठ न हलवता ते म्हणाले, “मावशी, फोटोकडं बघा.”

बावीस वर्षं तिनं या माणसाचं सगळं सोसलं होतं. हे तीन शब्द मात्र तिला सोसले नाहीत. जेवण न करता ती भाड्याच्या वडाप जीपनं घरी आली आणि मानपत्र खाटेवर आदळलं. लिंबाजी काही बोलणार होता, तिचं तोंड बघून म्हशीकडं गेला.

योगीराजनं चौकट उचलली आणि चेष्टेनं मोठ्यानं वाचायला लागला. वीरांगना काय, दुर्गेचा अवतार काय, गुरुजींनी उचलली जीभ लावली होती टाळ्याला. बाई त्याला गप्प बस म्हणणार तोच तो आपणहून गप्प झाला. मग सावकाश, बोट ठेवून वाचू लागला. झेरॉक्सवरून उचललेली तारीख होती, फाट्याचं नाव होतं, वेळ होती. पुढं लिहिलं होतं की आमचे लाडके नेते मा. शरणबसप्पा यांनी त्या दिवशी स्वतः जातीनं हजर राहून, स्वतःचा ट्रॅक्टर स्वतःच्या हातानं महामार्गावर आडवा लावला आणि त्यांच्या धगधगत्या नेतृत्वाखाली मथुराबाई सहा तास रस्त्यावर बसल्या. खाली अप्पांची सही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती चौकट सिद्धलिंग वकिलांच्या टेबलावर होती. वकिलांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग खुर्चीत मागं टेकले.

“पोरगं सुटंल, बाई. पण ह्यात तुमी बी हाव. हे कोर्टाला दाखवलं की तुमची सुटका संपली.”

“म्या बसले व्हते, वकीलसाहेब. पाण्यासाठी बसले व्हते, चोरी न्हाय केली. सा वर्सं खोटं बोलले, ते कुणासाठी?”

बातमी फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी गौरीशंकर हजर. छपाईत चूक झाली, म्हणाला, मानपत्रं परत घ्यायची आहेत, सगळ्यांना मोठी देणार आहोत, सोनेरी चौकटीची. बाकीच्या तिघांनी बिचाऱ्यांनी देऊन टाकली होती. बाईनं चहा टाकला नाही. मग तो महिला आघाडीच्या जिल्हा पदावर आला. मग जिल्हा परिषदेच्या तिकिटावर. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की अप्पांशी वाकडं घेऊन या तालुक्यात कुणाचं भलं झालेलं नाही. मथुराबाईनं पेटी उघडली, शाली काढल्या, मशीनवरची ओढली, डब्यांवरच्या दोन ओढल्या, कालची वर ठेवली आणि आठही त्याच्या हातात दिल्या. मानपत्र सोडून पक्षाचं जे काही घरात होतं ते गेलं, असं तिनं त्याला सांगितलं.

तीन दिवसांनी तारीख होती. न्यायाधीश साहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, त्या दिवशी कुठं होता? बाकीच्या तिघांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मथुराबाई उभी राहिली आणि म्हणाली की ती तिथं होती, सहा तास होती, आणि पोर फक्त पाणी घेऊन आलं होतं. ट्रॅक्टर कुणाचा ते या कागदात आहे. वकिलांनी चौकट पुढं केली. साहेबांनी ती वाचली, आणि चारच दिवसांनंतरची तारीख देऊन शरणबसप्पांना साक्षीला बोलावलं.

त्या दिवशी शिपायानं दारात येऊन नाव पुकारलं. नुसतं नाव. मागं मा. नाही, पुढं साहेब नाही, लाडके नेते नाही. अप्पा आत गेले. सही माझीच आहे, असं त्यांना म्हणावंच लागलं, दोनशे लोकांदेखत केलेली, फोटो पेपरात आलेला. पण मजकूर वाचला नव्हता, असं त्यांनी वर सांगितलं.

“मग आता वाचा,” साहेब म्हणाले. “मोठ्यानं.”

अप्पांनी वाचलं. सभेत ज्या आवाजाला कर्णा लागत नसे, तो दुसऱ्या ओळीलाच बसला. ‘स्वतःचा ट्रॅक्टर’ला ते अडले, तेव्हा साहेबांनी पुन्हा तिथूनच वाचायला लावलं. दुपारी योगीराजचं नाव वगळल्याचा हुकूम झाला आणि तो कागद छातीशी धरून, एसटीच्या कार्यालयात द्यायला, धाराशिवच्या गाडीला पळाला. मथुराबाईला मोठा दंड सांगितला, आणि पुन्हा असं केलं तर आत जाल अशी तंबीही. बाकी तिघांची पुढची तारीख लागली. अप्पांवर गुन्हा नव्यानं चालवायचं ठरलं, तोवर बाहेर थांबा म्हणून त्यांना सांगण्यात आलं.

व्हरांड्यात एकच बाक होता. सहा वर्षांत तिच्या बसण्यानं त्याचा रंग गेलेला. अप्पा भिंतीला टेकून उभे होते, ओळखीचं कुणी आपल्याला बघत तर नाही ना हे बघत. मथुराबाई सरकली. बाकावर एका माणसाची जागा झाली.

“बसा अप्पा,” ती म्हणाली. “आमाला सा वर्सं लागली. तुमी आत्ता तर आलाव.”