लायसन लागत नाही

माझी मुलगी इंग्लंडमध्ये एका इस्पितळात नर्स आहे. गेल्या वर्षी तिच्या घरी एक पत्र आलं आणि त्याचा फोटो तिने मला पाठवला. पत्रावर नाव नव्हतं. ‘या घरात राहणाऱ्यास’ एवढंच. सगळी हयात पोस्टात काढली, पण बिननावाचं आणि तरीही इतक्या दरडावणीचं पत्र मी पाहिलं नव्हतं.

“बाबा, टीवीचं लायसन मागतात,” ती फोनवर म्हणाली. “आमच्याकडं टीवीच नाय. मी सगलं मोबाइलवर बघते. मग लागंल का हो लायसन?”

या प्रश्नाने मला आनंद झाला, हे आधीच कबूल करतो. बायको गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आटगावजवळच्या या घरात मी एकटा, आणि मला कुणी काही विचारत नाही. पूर्वी अर्ज लिहून घ्यायला, फॉर्म भरून घ्यायला माणसं ओटीवर येऊन बसायची. आता ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचा त्याचा शहाणपणा. त्यात लायसन हा तर माझा घरचा विषय. मी मुरबाडच्या पोस्टात नवा लागलो तेव्हा आपल्याकडे रेडिओलाही लायसन लागायचं. एक छोटी पुस्तिका असायची. ती घेऊन माणसं खिडकीशी यायची आणि मी तिच्यावर तारखेचा शिक्का हाणायचो.

म्हसा गावच्या जत्रेत बैल विकून रेडिओ घेतलेला एक म्हातारा मला अजून आठवतो. “साहेब, मी तो लावतच नाय,” तो म्हणाला. “म्हातारीला आवाज सोसत नाय. नुसता फलीवर ठेवलाय. तरी लायसन?”

मी म्हटलं, घरात आहे ना? मग लागतं. ऐकता की नाही ऐकत, हे सरकार विचारत नाही.

“मंग म्हातारीचं पन काढा,” तो म्हणाला. “ती पन घरात हाय, आन् तिचं मी कदीच ऐकत नाय.” अख्खं पोस्ट हसलं. मी हसलो नाही. नियम म्हणजे नियम, अशी तेव्हा माझी ताठ मान होती. आताही फारशी वाकलेली नाही.

तर मुलीचा प्रश्न. पण ती मोबाइलवर काय बघायची, हे आधी सांगायला हवं.

संध्याकाळी सात वाजता एका मराठी वाहिनीवर एक मालिका लागते. मालिका काही फार ग्रेट नाही. तिच्यातली सासू एकदा जिन्यावरून पडायला लागली की आठवडाभर पडतच असते. बायको ती भक्तीने बघायची आणि मी पेपराआडून नावं ठेवायचो. ती गेल्यावर मुलगी एकदा म्हणाली, “बाबा, आपण बघू या ना आईची मालिका, दोघं.” आपले सात वाजतात तेव्हा तिच्याकडे दुपारचे अडीच, थंडीत दीड. रात्रपाळी करून आलेली ती त्याच सुमाराला उठायची. मग मी इथे डिश लावायचो, ती तिथे ॲपवर तीच वाहिनी लावायची आणि फोन दोघांच्या शेजारी चालू. तिच्या चहाच्या कपाचा आवाजसुद्धा मला यायचा.

तिचं ॲप माझ्या टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट मागे चालायचं. माझ्याकडे सासू पडली की मी तोंडावर हात दाबून थांबायचो. अर्ध्या मिनिटाने तिकडून “आई गं, पडली की वो!” असं यायचं आणि मग आम्ही दोघं मिळून हसायचो. हसू दाबून धरायची मला इतकी सवय झाली होती की शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, “भावजी, दात दुखतात का तुमचे?” त्या अर्ध्या तासासाठी मी दुपारची झोप लवकर आटपायचो. सहालाच भात टाकून मोकळा व्हायचो. दिवसात दुसरं काही व्हायचंच नसायचं.

लायसनच्या प्रश्नावर मी दोन दिवस बसलो. त्या लायसनवाल्यांच्या संकेतस्थळावरचं सगळं तिने पाठवलं होतं, ते भिंगाखाली धरून वाचलं. अडला तो शब्द लिहून काढला, वहीत मुद्दे मांडले. तिसऱ्या दिवशी फोन लावला आणि निकाल दिला. वाहिनीवर जे चालू आहे ते त्याच वेळी बघितलं, मोबाइलवर का होईना, वाहिनी मराठी का असेना, तर लायसन लागतं. तोच भाग नंतर आपल्या सवडीने उघडून बघितला तर लागत नाही. तिथल्या सार्वजनिक वाहिनीचं ॲप तेवढं उघडायचं नाही, त्याला कधीही लायसन लागतं. “म्हणजे तुला लायसन लागत नाय गो,” मी म्हणालो. “फक्त सातला, चालू असताना बघायचं नाय. नंतर बघायचं.”

पलीकडे चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “नक्की नाय लागत?”

“अगो, पोस्टातला मानूस सांगतोय तुला.” वर ‘आम्हाला लायसनची गरज नाही’ हे त्यांना कसं कळवायचं, तेही मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. फोन ठेवल्यावर स्वतःवरच खूष होऊन मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मालिका लागली. फोन शेजारी ठेवला होता, सवयीने. कसल्याशा प्रसंगाला मला हसू आलं आणि मी तोंडावर हात दाबला. मग लक्षात आलं की थांबायचं कशासाठी. हात काढला, तर हसू गेलेलं.

मला वाटलं होतं, बघणं तेवढं बदलेल, बोलणं तसंच राहील. तसं झालं नाही. ती बघायची दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी. मी काही बोलायला गेलो की “बाबा, सांगू नका पुडचं!” म्हणून ओरडायची. मग बोलायचं काय? जेवलात का, गोळी घेतली का, तिकडे थंडी आहे का. बापलेकीने हे किती दिवस बोलायचं? अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, दहाची पाच, आणि रोजचा फोन दिवसाआड येऊ लागला. आसनगावला बाजाराला गेलो की मुद्दाम शेवटची रिक्षा धरायला लागलो, म्हणजे सात रस्त्यातच वाजावेत.

तिला ‘लायसन काढ’ म्हणावं, असं मनात रोज यायचं. पण आपणच दिलेला निकाल आपणच फिरवायचा? आणि म्हणायचं काय, तर बापाला करमत नाही म्हणून तिकडच्या सरकारला फी भर? मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. बायको गेली तेव्हा मुलगी म्हणाली होती, महिनाभर राहते. मी म्हटलं, रजा फुकट घालवू नकोस. ती आठव्या दिवशी गेली.

चार महिने मी असे काढले. मग एका रविवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, मालिकेत कुणाचं तरी लग्न लागत होतं, घोळक्यात बाप एकटा उभा दाखवला होता, आणि माझा धीर सुटला. टीव्ही तसाच ठेवून फोन लावला.

“लायसन काढ,” मी म्हणालो.

“आता कशाला? लागत नाय ना?”

“तुला नाय लागत. मला लागतं. सात वाजले की घर खायला उठतं गो.”

ती म्हणाली, “बाबा, मी तुमाला नियम नवता इचारला. नियम त्या पत्रावरच लिवला होता. मला तो पैल्या दिवशीच कललेला.”

“मग इचारलंस कशाला?”

“तुमी ‘काढ’ म्हनाल म्हनून. म्हनला असता तर त्याच दिवशी काढलं असतं. तुमी नाय म्हनालात, ते पन असं खुशीत. मला वाटलं, तुमाला कंटाला आलाय. माज्यापायी बघत होता, सुटलात एकदाचे.”

टीव्हीवर मंगलाष्टकं चालली होती, ती मी बंद केली. म्हटलं, “बरं, मग आता काढ. उद्यापासून बघू.”

“उद्या कसं जमंल, बाबा?” ती हळूच म्हणाली. “आता अडीच वाजता मी वॉर्डात असते.”

ते मला ठाऊक होतं, बोलण्याच्या भरात विसरलो होतो. महिन्यापूर्वी तिनेच फोन करून विचारलं होतं: दिवसपाळी मिळते आहे, घेऊ का? दुपार मोकळी ठेवायला आता काही कारण उरलं नाही, असंही म्हणाली होती. मी म्हटलं होतं, अवश्य घे, तब्येतीला बरी. आणि अर्ज कसा लिहायचा, ते सांगितलं होतं.