पदाच्या रकान्यात काय लिहायचं

मंगळवारी सकाळी दौंडला माझे वडील वारले. मी शिरूरला होते. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत मला रांजणगावच्या एका कारखान्याला माझ्या पदाचं नाव कळवायचं होतं. ते मी कळवलं नाही.

हे पदाचं प्रकरण आधी सांगायला हवं. नाहीतर वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी मी आनंदात का होते, हे कुणालाच कळणार नाही. मलाही ते कळायला वेळ लागला.

लग्न होऊन मी शिरूरला आले आणि घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवू लागले. मंगल कार्यालयं, एक रोपवाटिका, एक शाळा, दोन दवाखाने. एकटीच असल्यामुळे सगळं मलाच करावं लागे. वाचनाची सवय होती म्हणून मजकूर मीच लिहायचे. फोटो काढायला माणूस पुण्याहून बोलवावा लागे, म्हणून कॅमेरा शिकले. रंग, अक्षरं, पानाची मांडणी हे आवडीचंच होतं. रोपवाटिकेच्या मालकांनी एकदा विचारलं, की लोक फॉर्म भरतात तो जातो कुठे? ते मला सांगता येईना, म्हणून कोड शिकले. माझं सगळं शिक्षण असं अडून अडून झालं.

रांजणगावचा कारखाना शेतीचे पंप बनवतो. त्यांच्या वेबसाइटचं काम मी वर्षभर बाहेरून करत होते. एके दिवशी तिथल्या एचआरच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुम्हाला परमनंट घ्यायचं ठरलंय. अडचण एकच आहे. आमच्याकडे तुमची पोस्टच नाही."

"मग कसं करायचं?"

"तुम्हीच नाव सुचवा. पुढच्या मंगळवारी बारापर्यंत. पदाचा रकाना रिकामा गेला, तर हेड ऑफिसवाले यादीतलं जवळचं नाव टाकतात. म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर."

कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणजे काय, ते मी त्या कारखान्यात पाहिलं होतं. स्टोअरमध्ये बसायचं आणि कुणी सांगेल ते टाइप करायचं. तसं झालं असतं तर वेबसाइट पुण्याच्या एखाद्या एजन्सीकडे गेली असती आणि मी पंपांचे नंबर भरत बसले असते. नोकरी मिळाली असती आणि काम गेलं असतं.

तरी फोन ठेवल्यावर मला भीती वाटली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला आणि तांदूळ घालायला विसरले. एखाद्या कामाचं नाव ठेवायला मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी एक नवी वही काढली आणि त्यात नावं लिहायला सुरुवात केली. वेब डिझायनर लिहिलं, पण मग फॉर्म बिघडला की ते दुसऱ्याला बोलावणार. वेब डेव्हलपर लिहिलं, तर फोटो आणि मजकूर माझ्या हातून जाणार. डिजिटल मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह म्हटलं तर सेल्सवाल्यांत नेऊन बसवणार आणि टार्गेट देणार. मग शब्दकोश काढून बसले आणि 'संकेतस्थळ रचनाकार' असंही एक लिहिलं. आठवडाभर मी भाजी निवडताना, गाडीवर जाताना मनात नावं जोडत आणि तोडत होते. शाळेत असताना निबंधाला शीर्षक शोधायचे, तेव्हा असं व्हायचं.

रविवारी दौंडला गेले. आई आधीच वारलेली. वडील, म्हणजे आमचे आप्पा, थोरल्या भावाकडे राहायचे. ते रेल्वेत की-मॅन होते. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी खालच्या स्लीपरला धरलेले असतात, त्या चाव्या रोज चालत जाऊन तपासायच्या, सैल झालेली ठोकून बसवायची. पाटस आणि केडगावच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी असा जन्म घालवला. रिटायर झाल्यावरही चालताना त्यांची नजर जमिनीवरच असायची.

मी वही उघडून दोघांना नावं वाचून दाखवली. दादा पेपर बाजूला ठेवून ऐकत होता.

"संकेतस्थळ रचनाकार," तो म्हणाला. "हे लग्नपत्रिकेत छापायला बरंय, तायडे."

"फुल स्टॅक डेव्हलपर?"

"स्टॅक म्हंजी? कडब्याची गंजी असती तसं?"

"तसंच समज."

"मग नगं. फुल गंजीवाली म्हणतील."

मी शेवटचं वाचलं. त्यात मी हुशारी केली होती. "डिझायनर-कम-डेव्हलपर-कम-कंटेंट रायटर-कम-फोटोग्राफर."

आप्पा इतका वेळ बडीशेप चघळत होते. ते म्हणाले, "आमच्यात क्लार्क-कम-टायपिस्ट होता. त्याला दोन सायब, दोघंबी आपलं काम सांगायचे आन् दोघंबी म्हणायचे, हा आमचा न्हाई."

दादा हसला. मीही हसले, पण ओळ खोडली नाही. मग आप्पांनी विचारलं, "लांबी किती हाय तुझी?"

"कसली लांबी?"

"त्या वेबसाइटची. पानं किती?"

"मोजली नाहीत, आप्पा."

"मोज की मग."

मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी विचारायचं म्हणून विचारतात. मी वही बंद केली. चहा झाला, आणि मी संध्याकाळच्या एसटीने शिरूरला परत आले. मंगळवारी सकाळी दादाचा फोन आला.

त्यानंतरचे दिवस मी इथे लिहिणार नाही. एवढंच, की तिसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांना कुणाकडून तरी कळलं आणि त्यांनी मेसेज केला की महिनाअखेरीपर्यंत थांबतो, त्यापुढे माझ्या हातात नाही. महिनाअखेर म्हणजे दहाव्याचाच दिवस होता. मी उत्तर पाठवलं नाही. वही दौंडला माझ्या पिशवीतच होती, पण ती काढावीशी वाटत नव्हती. पदाला नाव नसलं तर नसू दे, असं वाटायचं.

दहावं भीमेच्या घाटावर होतं. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. गेलेल्या माणसाची आणि मागे राहिलेल्यांची ओळख माइकवरून करून देतात, कोण काय करतो ते सांगतात. सूत्रसंचालनाला गावाकडचे एक निवृत्त गुरुजी होते. ते डायरी घेऊन आमच्याकडे आले. दादाचं त्यांनी झटकन लिहिलं, वायरमन. मग माझ्याकडे बघून दादालाच विचारलं, "आणि या?"

"वेबसाइट बनवती."

"म्हणजे इंजिनिअर लिहू?"

"इंजिनिअर नाही," मी म्हणाले.

"मग शॉर्टमध्ये काय?"

मी वहीतली नावं मनात चाळू लागले. मागे लोक खोळंबले होते. गुरुजींनी 'कॉम्प्युटर क्षेत्रात कार्यरत' असं लिहिलं आणि पुढे गेले. थोड्या वेळाने माइकवरून तेच ऐकू आलं. इतक्या लोकांसमोर आपण निम्म्याच हजर आहोत असं मला वाटलं.

गुरुजींनी आप्पांची ओळख 'रेल्वे सेवेत की-मॅन' अशी करून दिली आणि श्रद्धांजलीसाठी आप्पांच्या गँगमधल्या, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीतल्या, एका मामांना बोलावलं. मी लहान असल्यापासून ते घरी यायचे. त्यांना माइकची सवय नव्हती. तो त्यांनी छातीशी धरला, गुरुजींनी तोंडाजवळ नेला, त्यांनी परत खाली घेतला. पण आवाज मुळातच मोठा होता.

"गुरुजी म्हणले की-मॅन," मामा बोलू लागले. "आमी चावीवाला म्हणायचो. पर चावी ठोकणं हे त्याच्या कामातलं येक काम. बोल्ट आवळायचा, खडी सारायचा, गवात उपटायचा. जनावर कापलं तर वढून काढायचा. रुळाला तडा दिसला की लाल झेंडी रवून गाडी थांबवायचा. ह्यातलं निम्मं कुण्या कागदात न्हाई. पर आमच्या सायबानं त्याला कवा इचारलं न्हाई, की बाबा तू फिटर का लोहार का माळी. सायब येकच इचारायचा. तुझं किलोमीटर कुठलं? ह्यो म्हणायचा, अमक्यापासनं तमक्यापातुर, सा किलोमीटर. झालं. त्या सा किलोमीटरात काय बी झालं की ह्याला हाक."

मामा आणखी बोलले. एका पावसाळ्यातली आठवण सांगताना त्यांना रडू आलं, लोकही रडले. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. लांबी किती हाय तुझी, असं आप्पांनी विचारलं होतं. मी आठवडाभर माझ्याकडची अवजारं मोजत बसले होते, आणि ते मला माझी हद्द विचारत होते.

पुढे पिंडाजवळ सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. मीही उभी होते, हात जोडलेले. पण मनात पानं मोजत होते. पहिलं पान, कारखान्याविषयी, पंपांची पानं, सुट्या भागांची, डीलरांची, शेतकऱ्यांच्या प्रश्नांची. आप्पांचं दहावं, आणि मला झालेला होता तो आनंद होता. दुसरा शब्द नाही. मी खाली मान घातली, कुणाला दिसू नये म्हणून. शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला, तेव्हा फार लाज वाटली.

दुपारी जेवणाच्या पंगती चालू असताना मी घाटाच्या वरच्या पिंपळापाशी जाऊन साहेबांना फोन लावला.

"अहो, आज दहावं ना तुमच्याकडे?" ते दचकले.

"झालं. नाव सांगायचंय. वेबसाइट इन-चार्ज. मराठीत वेबसाइट प्रमुख."

"मॅडम, इन-चार्जच्या हाताखाली माणसं लागतात. तुमच्या हाताखाली कोण आहे?"

"माझ्या वडिलांच्या हाताखाली कुणी नव्हतं. सहा किलोमीटर होते."

हे त्यांना कसं कळावं? मग मी सगळं सांगितलं. मी एरवी इतकं बोलत नाही. फोटो, मजकूर, रंग, कोड, यातलं कुठलंच नाव नको, म्हटलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काहीही बिघडलं, जुनं झालं, कुणाला कळेनासं झालं, की हाक मला मारायची. एवढं ज्यातून कळेल ते नाव लिहा.

"आमच्याकडे कँटीनलापण इन-चार्ज आहे, बरं का. लोक तुमची चेष्टा करतील."

"डाळ करपली की कुणाला बोलवायचं ते ठाऊक असतं ना सगळ्यांना?"

ते हसले, आणि लगेच त्यांना दहाव्याची आठवण झाली असावी, कारण हसू मध्येच थांबलं. "चारच्या आत पाठवतो," ते म्हणाले. "वरून पास होईल का, ते मी सांगू शकत नाही."

मी परत आले तर मामा ताटावर बसले होते. मी त्यांना वाढायला लागले. त्यांनी वर बघून विचारलं, "पोरी, काय झालं? डोळं येगळंच दिसत्यात."

"काही नाही, मामा. जिलबी घ्या."

"आजून येक," ते म्हणाले. "त्याला आवडायची."

नेमणुकीचं पत्र महिन्याभराने आलं. पदाच्या रकान्यात मी सांगितलं तेच होतं, फक्त 'वेबसाइट'च्या पुढे त्यांनी कंसात 'एकूण' असं का घातलं, ते मला अजून माहीत नाही. कँटीनचे इन-चार्ज मला पहिल्याच दिवशी "या, आपल्यातल्या" म्हणाले.

आता मी रोज शिरूरहून साडेआठच्या बसने रांजणगावला जाते. कॉम्प्युटर चालू केला की आधी वेबसाइटचं पहिलं पान उघडते आणि एकेक पान बघत शेवटपर्यंत जाते. कधी एखादा फोटो दिसत नसतो, कधी डीलरचा फोन नंबर बदललेला असतो. ते नीट करते. वही कपाटात आहे, तिच्यातली यादी मी खोडलेली नाही. आप्पा नाहीत. एकशे बारा पानं आहेत.