काहिलीचा दुसरा कान

रागनाने बाटली उजेडाला धरली. मानेशी, बिअरवर पांढुरकी साय धरली होती. तार सैल करून तिने झाकणाचा रबरी वॉशर नखाने उचकटला. खाली काळीकुट्ट बुरशी.

बाटल्या तिने रीतीप्रमाणे ज्युनिपरच्या झुडपाच्या फांद्या घातलेल्या उकळत्या पाण्याने धुतल्या होत्या. वॉशर मात्र जागेवरच ठेवून. आमुंड एकेक वॉशर काढून वेगळा उकळायचा, तेव्हा नवऱ्याला ती चिडवायची, "न्हाऊ घातलंत, आता पाळण्यातही घाला!" आमुंड वसंतात गेला. आता चिडवायचं कुणाला?

आणि चाखायला माणसं आजच यायची होती. वॉसच्या डोंगरात शेजाऱ्यांनी चाखल्याशिवाय नाताळची बिअर घरची होत नाही. दीर एरलिंगचा तर भावाला पुरल्यापासून घरच्या, बिअर उकळायच्या मोठ्या तांब्याच्या काहिलीवर डोळा. "बाईमाणसाचं काम नव्हे ते. यंदा बिअर बिघडली तर काहील माझी," असं तो चारचौघांत म्हणाला, आणि रागाच्या भरात ही हो म्हणून बसली.

तिने भराभरा सगळ्या बाटल्या पाहिल्या. लाल वॉशरच्या स्वच्छ होत्या. ते नवे वॉशर आमुंडने आजारपणात, अंथरुणात बसून बसवले होते. जुन्या करड्या वॉशरांचा भरवसा नव्हता. तिने लाल बाटल्या टेबलावर मांडल्या, करड्या बाकाखाली सारल्या. लबाडीच ती, पण दुसरं काही सुचेना.

एरलिंग आला तो घसरगाडी घेऊनच. काहील उचलायला दोघं लागतात, म्हणून शेजारचा हाल्वार सोबत. हाल्वारने घोट घेऊन मिशा पुसल्या. "आमुंडच्या हातचीच की हो ही!"

एरलिंगनेही पेला संपवला. नावं ठेवायला जागा नव्हती, तेच त्याला झोंबलं. इकडेतिकडे बघत तो वाकला आणि बाकाखालची बाटली ओढली. "लपवलेली याहून भारी असणार, काय वहिनी?"

त्याचा अंगठा तारेवर गेला. गप्प राहावं, ही चांगलीही निघेल, असं रागनाला वाटलं.

"भाऊजी, ती नका पिऊ. बुरशी आहे."

"ऐकलंस, हाल्वार? मी काय म्हणत होतो?"

"वॉशर न काढता धुतल्या मी. चूक माझी." करड्या बाटल्या तिने एकेक करून दाराबाहेर बर्फात ओतल्या. कुणी हात लावला नाही. शेवटची रिकामी झाली तेव्हा तिला रडू येत होतं, पण ते एरलिंगला दिसू द्यायचं नव्हतं. "बोलले ते बोलले. काहील न्या."

एरलिंगने काहिलीचा एक कान धरला. "चल रे, धर तिकडून."

हाल्वार जागचा हलला नाही. त्याने रिकामा पेला पुढे केला. "वहिनी, लाल वॉशरातली आहे का अजून?"

एरलिंगने एकट्याने हिसका दिला. काहील फरशीवर करकरली, उचलली काही गेली नाही.

रागनाने हाल्वारचा पेला काठोकाठ भरला. मग करड्या बाटल्यांचे वॉशर काढून तिने ओंजळभर काहिलीत टाकले.

"सोडा, भाऊजी. मला हे उकळायचेत."