फोडणीत पडलेली कमळं

एका शाळेचा अख्खा पर्यावरण प्रकल्प मी लसूण-मिरचीच्या फोडणीत परतला आहे. खाणाऱ्यांत माझे सासरेही होते. पण गॅस पेटवणारा हात माझा, त्यामुळे घरात त्यांचं नाव कुणी घेत नाही.

गोंदियाजवळ कुडव्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बायको प्रतिभा दवनीवाड्याकडच्या एका खेड्यात शिक्षिका. त्या गावचा तलाव पूर्वजांनी मोठ्या कष्टाने बांधला आणि वंशजांनी तितक्याच मनापासून वाऱ्यावर सोडला. पाणी कमी, बेशरम जास्त! (बेशरम हे झुडपाचं नाव आहे. कितीही तोडलं तरी पुन्हा उगवतं म्हणून. गावातल्या कुणाशी संबंध जोडू नये.) कमळं गेली, मासे गेले, पक्ष्यांनी पत्ता बदलला. शेवटी प्रतिभाने सातवीची पोरं हाताशी धरली, हिवाळाभर दर शनिवारी बेशरम मुळासकट उपटला, आणि मार्चमध्ये पाणी खाली गेल्यावर काठच्या चिखलात पुन्हा कमळ लावायचं ठरवलं. पोरांनी पलीकडच्या गावच्या तलावातून कमळाचे कंद खणून आणले. रविवारी लावायचे होते. शनिवारी प्रतिभाला गोंदियात ट्रेनिंग. म्हणून कंदांचं घमेलं, वर ओलं पोतं टाकून, एक दिवसासाठी आमच्या परसात आलं.

सकाळी निघताना ती म्हणाली, "अहो, मागच्या घमेल्यात पोरायचे कंद हायेत. लक्ष ठेवा."

मी एका मोबाईलच्या पोटात डोकं घातलं होतं. "हो, हो," म्हणालो. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या 'हो, हो'चा अर्थ 'काही ऐकलं नाही' असा असतो, हे त्या भोळ्या बाईला अजून कळलेलं नाही.)

दुपारी दारात मामाजी उभे! मामाजी म्हणजे माझे सासरे. राहणार आमगाव. वर्दी न देता येणं हा त्यांचा हक्क आणि तोंडावर बोलणं हा छंद.

"जवाई, भूक लागली. पोरगी कोठी हाय?"

"ट्रेनिंगले गेली, मामाजी."

"मंग जेवाले कोन देते?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

मामाजी माझ्याकडे दयेने पाहू लागले. याच माणसाने साळ्याच्या लग्नात, भर पंगतीत, "आमच्या जवायाले चहाबी जमत नाई" असं जाहीर केलं होतं. आज हिशेब चुकता करायचाच!

फ्रीज उघडला. आत अर्धं लिंबू आणि दह्याची वाटी. प्रतिभाला फोन लावला. ती ट्रेनिंगच्या हॉलमधून कुजबुजली, "का झालं?"

"मामाजी आले. भाजी कायची करू?"

"घरात जे दिसते ते करा! साहेब पाहून राहिले माह्याकडे!" फोन कट.

जे दिसतं ते पाहायला मी परसात गेलो. पोतं उचललं आणि डोळे पाणावले. घमेलंभर ढेस! ढेस म्हणजे कमळाचा तोच चिखलातला कंद, ज्याची आमच्याकडे चविष्ट भाजी होते. बायकोने न सांगता आपली आवड ओळखली, असं मला वाटलं. एकच गोष्ट जरा खटकली. प्रत्येक तुकड्याला वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधली होती. म्हटलं, बाजारवाले आजकाल पॅकिंगवर फार मेहनत घेतात. सगळ्या लोकरी कापून टाकल्या.

मग काय विचारता! ढेस सोलली, चकत्या केल्या, लसूण ठेचला, लाल मिरची, धने, वरून कोथिंबीर. टोकांना कोवळे, टोकदार कोंब होते. ते मी खास वेगळे काढले, कुरकुरीत तळले आणि मामाजींच्या ताटात वरून पेरले. (लावायचे असतात ते कोंबच, हे ज्ञान मला संध्याकाळी झालं.)

मामाजींनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. दुसऱ्यांदा भाजी मागितली. तिसऱ्यांदा कढईच ओढली.

"जवाई," ते बोटं चाटत म्हणाले, "मी माहा शब्द मागं घेतो. अशी भाजी तं माह्या बुढीलेबी जमत नाई!"

मी जमिनीपासून चार बोटं वर तरंगू लागलो. संध्याकाळी प्रतिभा घरी आली तेव्हाही तरंगतच होतो. ती चप्पल काढून सरळ परसात गेली.

"अहो, घमेलं रिकामं काऊन?"

"घासून ठेवलं!"

"आन् कंद?"

"तुह्यासाठी वाटीभर काढून ठेवले हायेत ना!" मी अभिमानाने झाकण उचललं.

ती वाटीकडे बघत राहिली. मग हळूच स्टुलावर बसली. मामाजींना हवा बदलल्याचा वास लगेच आला. "मी निघतो. गाडी चुकल माही."

"बाबा, बसा!"

बाबा बसले.

"तुमीबी खाल्ले?"

"थोडेसे. जवायानं आग्रह केला म्हनून."

"तीन वेळा घेतली," मी म्हणालो. (बुडताना सासऱ्याचा हात सोडायचा नसतो.)

प्रतिभा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज भरून आला. "दोन दिवस पोट्टे चिखलात होते वो. आपला कंद ओळखू यावा म्हनून घरून लोकर आनली त्यायनं. खुशीनं तं तिच्या कंदाले नावबी ठेवलं होतं."

"का नाव?" मामाजींनी विचारलं.

"राणी."

मामाजींनी हळूच पोटावर हात ठेवला.

निकाल जागच्या जागी लागला. काय झालं ते उद्या पोरांना आम्ही दोघांनी सांगायचं. मामाजींची गाडी चुकलीच.

रविवारी सकाळी तलावावर सगळी पोरं रांगेत उभी. पायजमे गुडघ्यापर्यंत वर, डोळे माझ्या रिकाम्या हातांवर. मी घसा साफ केला. "मुलांनो, निसर्गात एक अन्नसाखळी असते..."

"सरळ सांगा," प्रतिभा मागून म्हणाली.

"मी तुमचे कंद खाल्ले."

रांगेतून वेणीवाली खुशी पुढे आली. "काकाजी, माही राणीबी?"

मी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी आभाळाकडे पाहिलं.

तिने थोडा विचार केला. "मंग आता नवे कंद तुमीच काढा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या कोर्टात अपील नव्हतं. वरात निघाली पलीकडच्या गावच्या तलावावर. पोरं पुढे, आरोपी क्रमांक एक मधोमध, आरोपी क्रमांक दोन धापा टाकत मागे.

"काकाजी, काठाकाठानं जा," पोरं सांगू लागली. "मंधात गाळ हाय."

"मले चिखल नोका शिकवू! शेतकऱ्याचा पोरगा हाय मी!" (खरं सांगायचं तर मी शेवटची धानाची रोवणी केली तेव्हा मोबाईलला बटणं होती.) आणि मी ऐटीत आत शिरलो. एक पाऊल, गुडघा. दुसरं पाऊल, मांडी. तिसरं पाऊल टाकायचा विचार केला, तोवर चिखल कमरेला आला होता.

मामाजी बांधावरून ओरडले, "जवाई, निघून राहिले का?"

"नाई! जरा थांबून राहिलो!"

"काऊन?"

"असंच!"

शेजारच्या बगळ्याने मला नीट न्याहाळलं आणि तो दूर जाऊन उभा राहिला. त्यालाही ओळख दाखवायची नसावी.

एका घरून म्हशीचा दोर आला. तो माझ्या काखेतून गेला. दुसऱ्या टोकाला अख्खी सातवी! आणि इथे मला कळलं की या पोरांनी हिवाळाभर फक्त एकच काम केलं आहे. खुशी काठावरून हुकूम सोडू लागली, "एकदम नोका ओढू! अगोदर हलवा! मंग ओढा! बेशरम असाच निंगते!"

मी हलवला गेलो. ओढला गेलो. पुन्हा हलवला गेलो. जिवाच्या भीतीने चिखलाखाली हाताला जे लागलं ते कवटाळलं. शेवटी 'फच्चाक' असा आवाज आला आणि मी काठावर येऊन पालथा पडलो. पोरं नाचू लागली! मला वाटलं, माझा जीव वाचला म्हणून. पण त्यांची नजर माझ्या हातांवर होती. दोन्ही हातांच्या कवेत लांबच लांब, कोंबासकट, अखंड कमळाचे कंद!

पँट मात्र तळाशीच राहिली. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या अंगावर टाकला. पँटच्या खिशात माझा मोबाईल होता. मामाजींनी लगेच आपल्या फोनवरून नंबर लावला आणि आनंदाने ओरडले, "जवाई, रिंग जाऊन राहिली!"

प्रतिभा तोंडाला पदर लावून हसत होती. कालपासून पहिल्यांदा. त्या हसण्यापुढे पँट गेली काय आणि फोन गेला काय.

दुपट्टा नेसूनच परत येऊन मी गावच्या तलावात पोरांबरोबर कमळं लावली. एक कंद खुशीने माझ्या हातात दिला. त्याला हिरवी लोकर बांधलेली. "काकाजी, हा तुमचा. खायचा नाई." मी तो दोन्ही हातांनी, अगदी हळू, चिखलात टेकवला. माझ्यासारख्या माणसावर पोरं पुन्हा भरवसा ठेवतात, या विचाराने घशात काहीतरी अडकलं. (या वेळी कंद नव्हता.)

पावसाळ्यात तलाव भरला. दसऱ्याच्या सुमारास काठाकाठाने गुलाबी कमळं उभी राहिली. पुढे पाणकोंबड्याही आल्या. मामाजी आमगावहून खास पाहायला आले, हात जोडून काठावर उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "आता होटेलात जेवू."

यंदा शाळेने दुसरा तलाव घेतला आहे. परवाच कंदांचं नवं घमेलं एक दिवसासाठी कुडव्याला आलं. प्रतिभाने ते आमच्या दारावरून पुढे नेलं आणि शेजाऱ्यांच्या अंगणात ठेवलं.

मी घाबरून म्हणालो, "अवं, त्यायच्या घरी बकऱ्या हायेत ना!"

"असू द्या," ती म्हणाली. "बकऱ्यायले बांधून तं ठेवता येते!"