पाण्याच्या दिवशी घरी कोण?

व्यंकटराव आष्टीकरांना काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालंच तर ते त्यांना दिवाळीच्या बोनससारखं वाटे. औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते बेअरिंगच्या तपासणी खात्यात होते. म्हणजे चांगल्या मालात खोट शोधण्याचा त्यांना दरमहा पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, शोधणं थांबलं नाही. पंखा फिरत असला तर तो पडेल असं वाटे, फिरत नसला तर जळाला असं वाटे.

गारखेड्यातल्या त्यांच्या घरी नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई, कधी त्याहूनही उशिरा. त्या दिवशी घरात माणूस हवंच. हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, मग पिंपं, बादल्या, हंडे आणि शेवटी जी भांडी पाण्यासाठी जन्मलीच नव्हती तीसुद्धा भरायची. त्यामुळे आष्टीकरांच्या संसाराला एक नियम पडला होता. गावाला एकानं जायचं, पाण्याला एकानं थांबायचं. लग्नाला सरोजिनीबाई गेल्या तर तेराव्याला व्यंकटराव. दोघं मिळून बाहेरगावी मुक्कामाला गेल्याचा एकच प्रसंग होता, लग्नानंतर लगेचचा, आणि तेव्हा घरी व्यंकटरावांच्या आई होत्या. गेलेलं माणूस परत आलं की जेवणं झाल्यावर सगळं सांगायचं, राहिलेल्यानं ऐकायचं. असा तो संसार छान चालला होता.

सरोजिनीबाई टेलिफोन खात्यात होत्या. तरुणपणी ट्रंक कॉल जोडायच्या. छावणीतल्या जवानांना घरी किंवा दुसऱ्या छावणीत फोन लावायचा असे, तो सरोजिनीबाई मुंबईच्या बाईकडे द्यायच्या, मुंबईची कलकत्त्याला, कलकत्त्याची गुवाहाटीला, आणि बऱ्याच वेळानं एक बारीक, गोड आवाज यायचा, "तेजपूर." त्या आवाजाचं नाव त्यांना कधी कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तेजपूर नावाचं गाव आहे, तिथं एक बाई आहे आणि तिलाही बहुतेक सर्दी होते.

निवृत्त झाल्यावर सरोजिनीबाईंनी जाहीर केलं, "ज्या गावांना फोन जोडले ती मला बघायची आहेत. कोचीनपासून वर पूर्वेकडून जाऊ. तेजपूर सगळ्यात शेवटी. तीन महिने लागतील. दोघांनी जायचं."

व्यंकटरावांना समुद्र, घाट, भाषा, गुडघे यांतलं काहीच आठवलं नाही. ते म्हणाले, "आणि पाणी?"

पलीकडच्या अंगणातून उत्तर आलं. शेजारच्या मनकर्णाबाई मूळच्या पिशोरच्या. शेती तिकडं, मुलगा इकडं, आणि कान दोन्ही घरांत. "मी हाय की. किल्ली ठिवा अन् जा. पाण्यापायी बायकू कुटं न्यायची नाय, असा मानूस मी नाय पाह्यला, भाऊ."

दिवाळी झाल्यावर ते निघाले. पुढचे दोन महिने व्यंकटरावांनी देश कमी पाहिला आणि नळ जास्त पाहिले. कुठल्याही लॉजवर खोली मिळाली की पिशवी खाली ठेवायच्या आधी ते न्हाणीघरात जात आणि बादली भरत. मग दुसरी बादली, तांबे, मग प्यायच्या बाटल्या. केरळात चहूकडे पाणी होतं. खिडकीखाली पाणी, दारापुढं पाणी, वर आभाळातही थोडं होतं. तिथंही ते बादली भरत.

"अहो, खाली बघा. अख्खी खाडी आहे," सरोजिनीबाई म्हणत.

"आज आहे. उद्याचं कुणी सांगितलंय?"

दर आठवड्याला मनकर्णाबाईंना फोन होई. "आलं का?" "व्हय, आलं." "भरला का?" "भरला." एवढं ऐकलं की त्यांचा श्वास पोटापर्यंत जाई.

प्रवासाची किंमत हळूहळू कळू लागली. सरोजिनीबाईंचा गुडघा कोचीनमध्ये कुरकुरला आणि चेन्नईत बोलू लागला. नाशिकच्या लेकीच्या, स्वरालीच्या मुलाला पहिला दात आला तो फोनवर बघावा लागला, आणि फोनवर तो दात दिसलाच नाही. पुरीला असताना बातमी आली की काकासाहेब गेले. काकासाहेब म्हणजे व्यंकटरावांचे सकाळच्या फिरण्याचे सोबती, वीस वर्षांचे. व्यंकटराव समुद्राकडं तोंड करून बराच वेळ बसले. मग खोलीवर आले आणि भरलेली बादली ओतून पुन्हा भरली.

पण त्यांना खरी धास्ती वेगळीच होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. संध्याकाळी जेवून दोघं खोलीत बसले की बोलायला काही नसे. दिवसभर जे पाहिलं ते दोघांनी पाहिलेलं. सांगायचं कुणाला? घरी असते तर एकानं सांगितलं असतं. इथं दोघं पलंगाच्या दोन टोकांना बसून मोबाईल बघत. व्यंकटरावांना वाटे, आपला संसार पाण्यामुळंच टिकला असावा. चोवीस तास सोबत राहायची वेळ आली आणि माल तपासणीत नापास झाला.

आसामात माजुलीला ते पोचले तेव्हा जानेवारी होता. माजुली म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या पोटातलं बेट. घाटावरून फेरीबोटीनं जायचं. ज्यांच्या घरी उतरले त्या बाईंनी व्यंकटरावांनी भरून ठेवलेल्या बादल्या, पातेली, बाटल्या बघितल्या आणि हातवारे करून विचारलं, अजून किती पाहुणे यायचेत?

त्याच आठवड्यात मनकर्णाबाईंचा फोन लागेना. पाण्याचा दिवस होता. सकाळी लावला, दुपारी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. बंद. पुण्याच्या मुलाला, अमेयला लावला तर तो म्हणाला, "बाबा, असेल काहीतरी. झोपा." व्यंकटराव झोपले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढं नळ उघडा राहिला, हौद ओसंडला, पाणी दाराखालून आत शिरलं, दिवाणखान्यातला दिवाण तरंगू लागला. मग उलटं चित्र आलं. नळ उघडलाच नाही, हौदाला कोरड पडली, तळाला तडे गेले. दोन्ही चित्रं त्यांना एकाच वेळी खरी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर गुवाहाटीहून मुंबईचं विमानाचं तिकीट काढलं. एक.

चहाच्या वेळी त्यांनी ते सांगितलं. "तू तेजपूर करून ये. मी पुढं होऊन घराचं बघतो."

सरोजिनीबाईंनी कप खाली ठेवला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं व्यंकटरावांना वाटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी आल्यावर सांगेन कसं होतं ते."

हेच वाक्य व्यंकटरावांनी आयुष्यभर ऐकलं होतं. कोल्हापूर, हैदराबाद, भाचीचं लग्न, सगळं त्यांना असंच मिळालं होतं, आल्यावर सांगितलेलं. आज मात्र ते ऐकायला नको वाटलं. पण तिकीट निघालं होतं, आणि निघालेलं तिकीट ही त्यांना पुन्हा एक काळजी होती.

ते पिशवी भरत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा.

"भाऊ, मी मनकर्णा बोलायले. पोराच्या फोनवरून."

"कुठं होतात तुम्ही? हौद?"

"हौदातच तर व्हता."

"काय?"

"माझा फोन. तुमीच म्हनले ना मागल्या खेपंला, नुसतं भरला म्हनू नका, वाकून बघा, किती वीत खाली हाय ते सांगा. वाकले, टॉर्च लावला, अन् गेला सुळकन् आत. आता तो सांगंल तुमाला किती वीत हाय ते."

व्यंकटरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हणजे पाणी आहे."

"लई हाय. तुमी गेले त्या दिवशीपासून हौद भरेलच हाय. दर खेपंला बघते तर काठोकाठ. वापरायला हाय कोन तिथं? मोरीतली पाल?"

"मग दर आठवड्याला तुम्ही भरत काय होतात?"

"काय नाय. तुळशीला तांब्याभर घालते अन् तुमच्या नळाला पाईप लावून आमचा हौद भरते. भरला म्हनलं की तुमचा जीव थाऱ्यावर यायचा, म्हनून म्हनायचे. खोटं नाय बोलले. भरेलच व्हता." मग आवाज हळू झाला. "वैनी बऱ्या हायेत ना? तेजपूर झालं का?"

आयुष्यभर खोट शोधण्याचा पगार खाल्लेल्या माणसाला, रिकाम्या घरात पाणी संपत नाही, ही गोष्ट दोन महिने सुचली नव्हती. फोन ठेवून ते वळले. सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या. मनकर्णाबाईंचा आवाज ऐकण्यासाठी फोनजवळ असण्याची गरज नव्हती.

"आता घरी जाऊन काय करणार आहात?" त्यांनी विचारलं.

व्यंकटराव पलंगावर टेकले. "सरोज, इथं आपल्याला बोलायलाच काही नसतं. मला त्याची भीती वाटते. घरी असलो की निदान तू येशील आणि सांगशील, असं असतं."

सरोजिनीबाईंनी पिशवीतून व्यंकटरावांचे दोन शर्ट बाहेर काढले आणि खुंटीला लावले. तिकीट रद्द करताना व्यंकटरावांचा अंगठा दोनदा चुकला.

तेजपूरला त्यांनी जुन्या टेलिफोन कचेरीचा पत्ता विचारत विचारत शोधला. फिकट पिवळी भिंत, फाटक, वर शेवाळाचे पोपटी डाग. एवढंच. सरोजिनीबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, थोड्या वेळानं "चला" म्हणाल्या आणि निघाल्या. व्यंकटरावांच्या मनात पुन्हा धाकधूक. एवढं आयुष्य थांबून, एवढा देश ओलांडून, ही भिंत? बाई आतून मोडली तर नाही ना?

संध्याकाळी लॉजच्या खोलीत सरोजिनीबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

"काय?"

"तेजपूर कसं होतं ते. मी घरी राहिले होते असं समजा."

व्यंकटराव अडखळले. फाटकाची एक बिजागरी सुटली आहे, हे सांगून झालं. खांबावरची तार लोंबते आहे, हेही. मग म्हणाले, "आणि तिथं एक बाई उभी होती. निळी शाल घेतलेली. ती भिंतीकडं बघून म्हणाली, हॅलो तेजपूर, औरंगाबाद बोल रही हूँ. आणि थांबली. पलीकडून कुणी बोलतंय का, म्हणून वाट बघत होती."

तेलाचा हात थांबला. "मी मोठ्यानं म्हणाले?"

"मला ऐकू आलं, इतकं."

सरोजिनीबाईंनी तेलाची बाटली बंद केली. मग त्या म्हणाल्या, "मी काय पाहिलं सांगू? एक माणूस पाहिला. त्या बाईला धक्का लागू नये म्हणून तो भर रस्त्यात पाठमोरा उभा राहून रिक्षांना हातानं थांबवत होता. एक रिक्षावाला त्याला शिव्या देत होता, आसामीत. तो त्याला मराठीत म्हणत होता, जरा दम धरा."

व्यंकटरावांना हे आठवतच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात न्हाणीघरातून पाणी फरशीवर सांडल्याचा आवाज आला. बादली लावून ते विसरले होते. आजवर पहिल्यांदाच.

ते धडपडत उठले. दारातून वळून म्हणाले, "थांब. रिक्षावाल्याचं पुढं काय झालं ते मी आल्यावर सांग."