समासातली दुरुस्ती

शुक्रवारी दुपारी, दुबईपासून तासा-दीडतासावरच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या स्वयंपाकघरात सुरमई तळत होते, तेव्हा भाचीचा, रियाचा, फोन आला. "आत्या, पप्पा इज गॉन. हॉस्पिटलनं मला कॉल केला." तीन वर्षं बापाशी न बोललेली मुलगी, आणि त्याच्या मोबाइलमध्ये इमर्जन्सीसाठी नंबर तिचाच! मी गॅस बंद केला. रडू नंतर आलं, तोंडातून आधी शिवी गेली. माझा भाऊ अंतोन गेल्यावर शिवीच सुचावी, असाच तो होता.

दीड महिना झाला. आता काहीतरी गोड लिहावं अशी अपेक्षा असते. माझ्याच्यानं ते होणार नाही. आमचा बाप, पास्कल लोपीस, वसईच्या घरात आईला पट्ट्यानं मारायचा. एकदा तिचे दोन दात पडले, ते मी अंगणात शोधत होते. त्या दिवशी सोळा वर्षांच्या दादानं फळी उचलली आणि बापाचा हात मोडला. मला वाटलं, सुटलो... पण बापाचा तो हात दादाच्याच अंगात शिरला. दुबईत त्यानं टीव्ही फोडला, सिग्नलवर एका ड्रायव्हरची गचांडी धरली, आणि कॉलेजातून उशिरा आली म्हणून रियाच्या अशी थोबाडीत मारली की तिच्या कानाचा पडदा फाटला. ती घर सोडून इंटरनॅशनल सिटीत मैत्रिणींबरोबर राहायला गेली, ती परत आलीच नाही.

असला हा माणूस सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या अल मनखूलच्या आपल्या फ्लॅटमध्ये भिंग घेऊन स्कॉटलंडच्या जुन्या जन्मनोंदी वाचत बसायचा. त्याचे निवृत्त स्कॉटिश साहेब आपल्या घराण्याचा शोध घेत होते. त्यांना मदत म्हणून सुरू केलं आणि दादाला त्याचा नादच लागला. साहेबांच्या पणजोबांचं नाव अलेक्झांडर गॉर्डन मनरो. साहेबांनी दिलेल्या यादीत एवढंच होतं. दादानं आपल्या रीतीप्रमाणे मधलं नाव बापाचं धरलं, चार महिने खपून एक गॉर्डन मनरो शोधला आणि त्याच्याखाली अख्खी वंशावळ रचली. मग मूळ नोंदीची प्रत आली. मी त्याच्या खांद्यावरून वाचली. बापाचं नाव होतं जेम्स. आणि आईचं माहेरचं आडनाव, गॉर्डन.

"अरे दादा, हे आईकडचं आहे. यांच्यात पोराच्या नावात आईचं आडनावसुद्धा मध्ये घालतात."

"खलास!" तो किंचाळला. "चार महिने! यांची आई मध्ये, आणि आम्ही जन्मभर त्या कसायाला पासपोर्टवर मिरवायचं?"

काचेचा पेपरवेट त्यानं भिंतीकडे फेकला होता म्हणे... लागला माझ्या भुवईला. चार टाके पडले. मला दवाखान्यात नेताना गाडी चालवत तो ढसाढसा रडत होता, पण सॉरी काही त्याच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना मात्र स्वतः फोन करून चूक कबूल केली आणि पहिल्यापासून कामाला लागला. पुढे एकदा म्हणाला, "लुसी, त्या रजिस्टरमध्ये चुकलेलं खोडत नाहीत. समासात करेक्शन लिहायचं आणि सही करायची."

दफनानंतर रिया आणि मी फ्लॅट आवरायला गेलो. टेबलाच्या खणात भिंगाखाली एक मोठा कागद होता, आमच्याच घराण्याची वंशावळ. बापाच्या जागी पास्कलचं नाव तसंच होतं, खोडलेलं नव्हतं. दादाचं नाव मात्र अंतोन परेरा लोपीस. परेरा आमच्या आईचं माहेर. रियाच्या नावाशेजारी समासात मराठीत दोन ओळी होत्या. तिला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचल्या: "हिचा कान माझ्या हातानं फुटला. चूक माझी." खाली सही.

रियानं माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली.

मग मी माझं नाव शोधलं. शेजारचा समास कोरा होता. हात आपोआप भुवईवर गेला. मेल्याचा मला इतका संताप आला, आणि दादा इतका हवासा वाटला, की मी खाली फरशीवरच बसले.

"आत्या," रिया म्हणाली, "शॅल आय राइट समथिंग फॉर यू?"

"नको गं," मी म्हटलं. "सही त्याची लागते."