पांढऱ्या पंखांचा कावळा

आज सकाळी गच्चीच्या कठड्यावर पांढऱ्या पंखांचा कावळा बसला आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

पन्नासेक वर्षांपूर्वी उंब्रजला नदीकाठी आबांचा, माझ्या वडिलांचा, दहावा होता. ऊन डोक्यावर आलं तरी पिंडाला कावळा शिवेना. चुलत्यांनी हात जोडले. "दादा, तुमच्या लेकीचं लगीन आमी करतो. काळजी सोडा."

तेवढ्यात असाच एक कावळा उतरला आणि थेट पिंडाकडे निघाला.

"ह्यो कसला पांढरा कावळा? अपशकुन हाय, हाकल त्याला," चुलते म्हणाले. मी खडा मारला. मग एकही कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आज मी कठड्यावर घास ठेवला. त्यानं तो उचलला आणि कुठल्याही कावळ्यासारखा ओरडला.

आबा उपाशी गेले ते माझ्या हातून.